वाचकांचे प्रश्न : बेल्जियन गव्हाच्या बिअरची पारख आणि तिचे दाम

गेल्या अंकातील टिपणात बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरचा, म्हणजे विटबिअरचा, उल्लेख करताना आम्ही असे लिहिले होते की आपल्याकडच्या दुकानांत मोजलेल्या पैशांच्या मानाने सर्वाधिक निराशा आणि सर्वाधिक समाधान या एकाच प्रकारात वाट्याला येते. या विधानावर बरीच पत्रे आली. काही वाचकांनी ते सोदाहरण स्पष्ट करण्यास सांगितले आहे, तर काहींनी त्यावर सरळ आक्षेप घेतला आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या जवळच्या वाइन शॉपमध्ये गव्हाच्या बिअरचे तीन पर्याय असतात : एक देशी पिंट, एक देशी मोठा कॅन आणि एक परदेशातून आलेली पिंट, जिचा भाव देशी पिंटच्या दुप्पट असतो. चव घेण्याचा प्रश्नच नाही, नुसते काउंटरसमोर उभे राहून कोणती घेणे फायद्याचे हे ठरवता येईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बऱ्याच अंशी ठरवता येईल, मात्र त्यासाठी भावाच्या आधी तारीख पाहावी लागेल. बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम या अमेरिकी परीक्षक-संस्थेने प्रत्येक प्रकाराचे जे वर्णन ठरवले आहे, त्यात विटबिअरचा कडवटपणा आयबीयू या मापाने ८ ते २० आणि मद्यार्क ४.५ ते ५.५ टक्के धरलेला आहे. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) आणि मद्यार्क या दोन गोष्टी बिअर टिकवायला मदत करतात आणि त्या दोन्ही येथे बेताच्याच असतात. शिवाय ज्या गुणासाठी आपण चार पैसे जास्त देतो, तो धण्यांचा आणि संत्र्याच्या सालीचा मंद दरवळ मुळातच उडून जाणारा असतो. त्यामुळे काही भरभक्कम बेल्जियन बिअर जशा वर्ष-दोन वर्षे ठेवून मुरवता येतात, तशी ही ठेवता येत नाही. ती जितकी ताजी, तितकी तिची किंमत खरी. त्यात उष्णतेची भर पडते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट-तिप्पट होतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेल्या खोक्यातील बिअर काही आठवड्यांतच काही महिन्यांइतकी शिळी होते.

देशी बाटलीवर किंवा कॅनवर उत्पादनाची तारीख छापलेली असते. परदेशी बाटलीवर पुष्कळदा केवळ ‘अमुक तारखेपूर्वी उत्तम’ एवढाच मजकूर असतो, आणि ती मुदत पिणाऱ्याच्या जिभेपेक्षा विक्रेत्याच्या सोयीने ठरवलेली असण्याचा संभव अधिक. आयातदाराने चिकटवलेली कागदी पट्टी त्या बाबतीत अधिक बोलकी असते. ती आडवी-तिरकी लावलेली असली तरी अंगठ्याने सरळ करून वाचावी. माझा स्वतःचा दंडक असा की उत्पादनापासून तीन महिन्यांच्या आतील विटबिअरला पूर्ण भाव द्यायला हरकत नाही, सहा महिन्यांनंतरच्या बाटलीला मनातल्या मनात अर्धाच भाव द्यावा, आणि वर्ष उलटलेली बाटली सवलतीत मिळत असली तरी घेऊ नये.

तारखेनंतर बाटली कुठे ठेवली आहे ते पाहावे. काउंटरमागच्या उघड्या फळीवर, थेट ट्यूबलाइटखाली किंवा काचेच्या तावदानाशी मांडलेल्या बाटलीतील हॉप्सच्या घटकांवर प्रकाशाची क्रिया होऊन एक उग्र, नाकाला झोंबणारा वास तयार होतो. हॉप्स कमी असले तरी तो वास येण्यापुरते ते असतातच. तपकिरी काच यापासून बरेच संरक्षण देते, हिरवी आणि पारदर्शक काच फारसे देत नाही, आणि कॅनमध्ये तर प्रकाश शिरतच नाही. कॅन म्हणजे हलका माल, ही आपल्याकडची समजूत निदान या बिअरच्या बाबतीत सोडून देण्यासारखी आहे.

भाव पाहण्याची पाळी यानंतर येते, आणि तोही नगावर न पाहता १०० मिलिलिटरवर पाहावा. हिशेबासाठी समजा की देशी पिंट ३३० मिलिलिटरची व १८० रुपयांना आहे, कॅन ५०० मिलिलिटरचा व २१० रुपयांना आहे, आणि परदेशी पिंट ३३० मिलिलिटरची व ३६० रुपयांना आहे. १०० मिलिलिटरला अनुक्रमे सुमारे ५५, ४२ आणि १०९ रुपये पडतात. म्हणजे जी तफावत नगावर दुप्पट दिसत होती, ती कॅनच्या तुलनेत अडीचपटीहून अधिक निघते. या जादा पैशांतील मोठा वाटा आयात शुल्क, जहाजाचे भाडे, राज्याचे उत्पादन शुल्क आणि मधल्या व्यापाऱ्यांचा नफा यांत जातो. पेल्यात त्यातले काही उतरत नाही. परदेशी बिअर मुळात सरस असेलही, परंतु समुद्रप्रवास आणि बंदरातील मुक्काम यांनंतरही ती अडीचपट सरस उरलेली आहे का, हे पाहायचे आहे. तुमच्या तीन पर्यायांपैकी कॅनची तारीख ताजी असेल तर मी कॅन उचलीन, आणि परदेशी पिंट एकदाच, तुलनेचा मापदंड जिभेवर बसावा म्हणून घेईन.

जाता जाता एक गोष्ट. देशी आणि परदेशी ही विभागणी दिसते तितकी पक्की नाही. बिरा ९१ ही भारतीय कंपनी २०१५ मध्ये बाजारात आली तेव्हा तिची गव्हाची बिअर बेल्जियममध्ये बनून येत असे. पुढे ती येथेच बनू लागली. तेव्हा नावावरून तर्क न करता ती कुठे बनवली हे लेबलावरील बारीक अक्षरांत वाचावे.

प्रश्न : मी संशोधनाच्या निमित्ताने येथे राहते. ह्यूगार्डन हे गाव येथून जवळच आहे आणि तिथली बिअर सुपरमार्केटमध्ये स्वस्तात मिळते, परंतु प्रयोगशाळेतील सहकारी ती पाहून नाक मुरडतात आणि लहान ब्रुअरीच्या विटबिअरसाठी बरेच जास्त पैसे मोजतात. चवीत खरोखर तेवढा फरक असतो, की हा केवळ प्रतिष्ठेचा भाग आहे? (एक वाचिका, लूवेन, बेल्जियम)

उत्तर : दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या आहेत, आणि कोणती किती, हे तुम्हाला घरच्या घरी तपासता येईल. त्याआधी सहकाऱ्यांच्या नाराजीमागचा इतिहास सांगायला हवा, कारण तो चवीपेक्षा मालकीविषयीचा आहे.

ह्यूगार्डनमध्ये एके काळी गव्हाच्या बिअरच्या कितीतरी ब्रुअरी होत्या. त्यांतील शेवटची, तोमसिन यांची, १९५७ मध्ये बंद पडली आणि गावाची बिअर गावातूनच नाहीशी झाली. पिएर सेलिस हा त्याच गावचा दूधवाला. तरुणपणी त्याने तोमसिन यांच्याकडे हाताखाली काम केले होते, त्यामुळे कृती त्याच्या माहितीची होती. १९६५-६६ च्या सुमारास त्याने ती बिअर पुन्हा बनवायला घेतली : कच्चा गहू, सातूचे मॉल्ट (म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू), धणे आणि कुरासाओ जातीच्या कडू संत्र्याची वाळवलेली साल. दोन दशकांत तिचा जम बसला, आणि १९८५ मध्ये ब्रुअरीला आग लागली. पुन्हा उभे राहण्यासाठी जे भांडवल लागले ते स्टेला आर्टोआ बनवणाऱ्या मोठ्या कंपनीकडून आले आणि त्यापाठोपाठ मालकीही तिकडे गेली. ती कंपनी पुढे इंटरब्रू, मग इनबेव्ह आणि आज एबी इनबेव्ह म्हणून ओळखली जाते. तिचे मुख्यालय तुमच्याच लूवेनमध्ये आहे. सेलिस टेक्सासमधील ऑस्टिनला गेला आणि १९९२ मध्ये तेथे त्याने आपल्या आडनावाची ब्रुअरी काढली. २००५ मध्ये कंपनीने ह्यूगार्डनचे उत्पादन लिएजजवळच्या झुपीयला हलवण्याचे जाहीर केले, गावात संतापाची लाट उसळली, आणि २००७ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. नाक मुरडण्यात या साऱ्याचा वाटा आहे. तो गैर आहे असे मी म्हणणार नाही, कारण आपला पैसा कोणाच्या खिशात जावा हे ठरवणे हाही ग्राहकाचा हक्कच आहे. मात्र हा हिशेब वेगळा ठेवावा, चवीच्या नावावर मांडू नये.

आता तपासणी. एकाच तापमानाची, ताज्या तारखेची ह्यूगार्डन आणि सहकाऱ्यांच्या आवडीची विटबिअर घ्या. समजा ती सेंट बर्नार्डस या ब्रुअरीची विटबिअर आहे. ती वातू गावात बनते, तिची कृती बसवण्यात खुद्द सेलिसचा हात होता, आणि तिच्यात ५.५ टक्के मद्यार्क असतो, ह्यूगार्डनमध्ये ४.९ टक्के. एकसारखे तीन पेले घेऊन दोहोंत एक आणि तिसऱ्यात दुसरी बिअर ओतावी. कोणत्या पेल्यात काय आहे हे ओतणाऱ्यालाच ठाऊक असावे आणि ओतणाऱ्याने चाखणाऱ्यांसमोर थांबू नये. वेगळा पेला कोणता, एवढेच ओळखायचे आहे. निव्वळ अंदाजाने तीनांतून एकदा उत्तर बरोबर येणारच, म्हणून सहा जण चाखत असतील तर किमान पाच जणांचे उत्तर बरोबर यावे, तरच फरक खरा मानावा. बारा जण असतील तर आठ जणांचे. माझा अंदाज असा की या विशिष्ट जोडीत तुमच्या सहकाऱ्यांना फरक कळेल, कारण सेंट बर्नार्डसचे अंग अधिक भरलेले आहे आणि यीस्टचा लवंगेसारखा मसालेदारपणा तिच्यात जास्त जाणवतो. मात्र व्हेडेट एक्स्ट्रा व्हाइट, ब्लान्श द नामूर आणि ह्यूगार्डन या हलक्या अंगाच्या विटबिअरपैकी कोणत्याही दोघींची जोडी लावून पाहिली, तर खात्रीने बोलणारे बरेच जण गडबडतील.

फरक कळणे ही पहिली पायरी झाली. तो आवडणे ही दुसरी, आणि त्या आवडीसाठी किती पैसे द्यावेत ही तिसरी. पुष्कळ लोक पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारतात. फरक ओळखता आल्याच्या आनंदात, जी वेगळी लागली तीच चांगली, असे ते ठरवून टाकतात.

बेल्जियममध्ये हिशेब करताना आणखी एक दक्षता घ्यावी. तेथील बाटल्या २५, ३३ आणि ७५ सेंटिलिटर अशा निरनिराळ्या मापांच्या असतात, आणि पावतीवर बाटलीची अनामत वेगळी लावलेली असते, जी रिकामी बाटली परत केल्यावर मिळते. ती वजा न करता तुलना केली तर लहान बाटलीवर विनाकारण अन्याय होतो.

प्रश्न : आम्ही काही मित्र दर महिन्याला एकत्र जमतो. या वेळी पाच-सहा विटबिअर चाखून त्यांतील पैसे वसूल करून देणारी कोणती, हे गुण देऊन ठरवण्याचा विचार आहे. गुणांना किमतीने भागले तर उत्तर मिळेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : भागाकार करून मिळणारे उत्तर दर वेळी सर्वांत स्वस्त बिअरच्याच बाजूने लागेल, कारण परीक्षकांचे गुण सहसा लहान टप्प्यात फिरतात आणि किमती मोठ्या टप्प्यात. पन्नासपैकी ३० गुणांची बिअर १५० रुपयांना आणि ४० गुणांची ३०० रुपयांना असेल, तर भागाकाराने पहिली सरस ठरते. पण ३० गुणांची बिअर म्हणजे चुका नसलेली, लक्षातही न राहणारी, आणि ४० गुणांची म्हणजे ज्या संध्याकाळी ती प्यायलो ती संध्याकाळ आठवावी अशी. हे अंतर भागाकाराला दिसत नाही.

त्याऐवजी एक साधी पद्धत वापरावी, जी मला या विषयात सर्वांत उपयोगी वाटते. बाटल्या कागदात गुंडाळून त्यांवर क्रमांक घालावेत, आणि चाखून झाल्यावर, नाव उघड करण्यापूर्वी, प्रत्येकाने आपल्या कागदावर एकच आकडा लिहावा : या पेल्यातील बिअरच्या एका पिंटसाठी मी दुकानात जास्तीत जास्त किती रुपये देईन? मग आवरण काढावे आणि छापील किंमत तिच्या शेजारी लिहावी. तुमचा आकडा छापील किमतीहून जास्त असेल तर ती बिअर तुमच्यापुरती स्वस्त, कमी असेल तर महाग. आणि ही तफावत म्हणजेच तिचे मोल. कॅन किंवा मोठी बाटली असेल तर छापील किंमत ३३० मिलिलिटरच्या मापात आणून घ्यावी. या पद्धतीत ब्रँडचा दबदबा राहत नाही, स्वस्ताईची आपोआप सरशी होत नाही, आणि सहा जणांचे आकडे फळ्यावर मांडले की कोणाची जीभ कोणत्या गुणासाठी पैसे द्यायला तयार होते, हेही उघड दिसते. आकडा आधी लिहिण्याचा नियम मात्र कडक पाळावा. आवरण काढल्यावर आकडे फिरवण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

गुण द्यायचेच असतील तर पहिल्या उत्तरात उल्लेखिलेल्या अमेरिकी परीक्षक-संस्थेची ५० गुणांची विभागणी चांगली आहे : चवीला २०, गंधाला १२, एकूण प्रभावाला १०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि दिसण्याला अवघे ३. दिसण्याला इतके कमी गुण का, असे वाटेल. परंतु विटबिअरचा ढगाळ फिकट रंग आणि पांढराशुभ्र फेस इतका मोहक असतो की त्याला जास्त गुण ठेवले तर बाकीचे दोष झाकले जातील.

चाखताना क्रम असा ठेवावा. बिअर फ्रीजमधून काढल्यावर पाचेक मिनिटे थांबावे, कारण बर्फगार बिअरचा गंध दबून राहतो. ६ ते ८ अंशांच्या आसपास तो मोकळा होतो. पेला निर्मळ असावा, भांड्याच्या साबणाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही आणि दोष निष्कारण बिअरच्या माथी येतो. बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवलेली असावी. दोन तृतीयांश बिअर ओतून झाली की उरलेली हलकेच गोल फिरवून तळाचा गाळ मिसळू द्यावा आणि मग तीही ओतावी. त्यानंतर घोट घेण्यापूर्वी लगेच नाक पेल्यापाशी न्यावे, कारण पहिल्या अर्ध्या मिनिटात जे कळते ते पुढे कळत नाही. चांगल्या विटबिअरमध्ये प्रथम संत्र्याची साल नखाने दुमडल्यावर उडणाऱ्या तुषारांचा वास, त्यामागे धण्यांचा गोडसर सुगंध, त्याखाली कच्च्या गव्हाच्या पिठाचा आणि मधाचा अंश, आणि कडेला लवंगेची हलकी छटा यावी. यांपैकी कोणी एकाने बाकीच्यांना ढकलून पुढे येऊ नये. लवंगेची छटा कोणी लवंग टाकल्याने येत नाही. धान्याच्या सालपटातील फेरुलिक आम्लावर विशिष्ट यीस्टची क्रिया होऊन ती तयार होते.

घोट घेतल्यावर स्पर्श मऊ, किंचित साईसारखा जाणवावा, परंतु गिळल्यावर तोंड कोरडे आणि स्वच्छ व्हावे. येथे घरगुती उपमा द्यायची तर ताजे, पातळ घुसळलेले ताक आठवावे : दाटपणाचा भास होतो, पण जिभेवर चिकटत काही नाही. हा कोरडा शेवट ज्या बिअरला साधला नाही ती पहिल्या घोटाला गोड, आवडती वाटते आणि अर्ध्या पेल्यावर नकोशी होते. म्हणून भावाचा आकडा पहिल्या घोटावर लिहू नका. पेला निम्मा रिकामा झाल्यावर, बिअर थोडी कोमट होऊ लागल्यावर लिहा. त्या क्षणी ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर शिळी आहे, लोण्यासारखा चिकट वास आला तर ती घाईने उरकलेली आहे, आणि उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला तर उकळण्यात कसूर झालेली आहे.

चखण्याला मसाला शेंगदाणे आणि चकली ठेवू नका, निदान चाखणे संपेपर्यंत. साधा पाव किंवा बिनमिठाचे कुरमुरे पुरेत. प्रत्येकाला प्रत्येक बिअर १०० मिलिलिटरहून जास्त देण्याचीही गरज नाही, आणि तरीही सहा प्रकारांचे मिळून बाटलीभर होतेच. तेव्हा गाडी चालवत कोणी घरी जाणार नाही याची सोय आधी करावी.

प्रश्न : एका नामांकित विटबिअरला मला स्पष्ट साबणासारखी चव लागली. पत्नीला तसे काही जाणवले नाही. दोष माझा की बिअरचा? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कोथिंबिरीच्या पानांची चव काही लोकांना साबणासारखी लागते आणि त्याला अंशतः आनुवंशिक कारण असते, हे खरे आहे, परंतु विटबिअरमध्ये पाने नसतात, धणे असतात, आणि वाळलेल्या धण्यांचा मुख्य सुगंध लिनालूल या वेगळ्या द्रव्याचा असतो. कोथिंबीर तुम्हाला नेहमी आवडत असेल तर संशय बिअरवर घ्यावा. धणे प्रमाणाबाहेर पडले, जुने वापरले किंवा फार वेळ उकळले, की साबण, सेलरी किंवा खारवलेल्या मांसासारखी चव येते, आणि परीक्षकांच्या वर्णनात ती दोष म्हणूनच नोंदलेली आहे. नाशिकच्या वाचकाला सांगितलेल्या पद्धतीने चाखताना कागदात गुंडाळलेल्या बाटलीला अशी चव लागली तर भावाचा आपला आकडा निर्धास्तपणे खाली आणावा.

धण्यांच्या बाबतीत आपल्याकडचा माल चांगला आहे, ही सांगण्यासारखी गोष्ट. युरोपात सर्रास वापरले जाणारे धणे बारीक आणि गोल असतात, तर आपले लांबट आणि फिकट. त्यांच्यात लिंबाकडे झुकणारा सुगंध असल्यामुळे परदेशातील काही बिअर बनवणारे मुद्दाम भारतीय धणे मागवतात. तेव्हा पुण्या-मुंबईतील ब्रुअरीने ताजे धणे जाडसर भरडून, उकळीच्या अखेरीस घातले, तर निदान या एका घटकात ती कोणापेक्षा कमी पडू नये. कडू संत्र्याच्या सालीचे तसे नाही. तिच्याऐवजी नागपुरी संत्र्याची साल घातली तर गंध गोड आणि उघडावाघडा होतो. मला तो आवडतो, पण त्याला बेल्जियन म्हणवत नाही.

प्रश्न : बिअर जितकी गढूळ तितकी ती अस्सल, असे विक्रेता सांगतो. हे बरोबर आहे का? (एक वाचिका, मुंबई)

उत्तर : नाही. कच्च्या गव्हातील प्रथिने आणि वनस्पतिजन्य टॅनिन यांच्या मिलाफाने, आणि तरंगत्या यीस्टमुळे, ढगाळपणा येतो, आणि तो या प्रकारात अपेक्षितही आहे. परंतु तो मुद्दाम वाढवताही येतो, त्यामुळे त्यावरून गुणवत्ता ठरत नाही. एकसंध, दुधी धुके चांगले. पेल्यात तरंगणारे तुकडे किंवा तळाशी पडणारा जाड थर असेल तर बिअर जुनी किंवा हेलकावे खाल्लेली असू शकते.

प्रश्न : तेवढ्याच पैशांत स्ट्राँग बिअरची मोठी बाटली येते. मग हलक्या गव्हाच्या बिअरला पैसे वसूल म्हणणे ही शुद्ध फसवणूक नव्हे काय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : मद्यार्क हेच माप धरले तर तुमचे म्हणणे मान्य करावेच लागेल. ३३० मिलिलिटरच्या ४.९ टक्क्यांच्या पिंटमध्ये सुमारे १६ मिलिलिटर मद्यार्क असतो, आणि ६५० मिलिलिटरच्या ८ टक्क्यांच्या बाटलीत ५२ मिलिलिटर, म्हणजे तिपटीहून अधिक. त्या मापाने विटबिअर हरणारच, आणि त्याच मापाने देशी दारूपुढे तुमची स्ट्राँगही हरेल. येथे मी ज्या वसुलीविषयी लिहितो ती गंध, चव आणि पेला संपेपर्यंत टिकणारा रस यांची आहे. ज्याला ती नको आहे त्याने या बिअरवर एक रुपयाही खर्च करू नये.

प्रश्न : येथील बारमध्ये गव्हाची बिअर संत्र्याची किंवा लिंबाची फोड खोचूनच देतात. ती काढून टाकावी की पिळावी? (एक वाचक, पणजी)

उत्तर : संत्र्याच्या फोडीची प्रथा ब्लू मून या अमेरिकी बिअरने लोकप्रिय केली; १९९५ मध्ये निघालेल्या या बिअरची ती जाहिरातीतील ओळखच होऊन बसली. लिंबाची फोड युरोपातल्या बारमध्येही दिसते. परंतु रस पडला की फेस झपाट्याने बसतो, आणि ताज्या सालीचा वास इतका पुढे येतो की बिअरमध्ये मुळात संत्र्याचा गंध होता की नाही हे कळायला मार्ग उरत नाही. ज्या बारमधील विटबिअर शिळी आहे त्याच्या दृष्टीने ही फोड फार सोयीची आहे, हे लक्षात घ्यावे. गोव्यात कमी करामुळे बिअर महाराष्ट्राहून स्वस्त पडते, त्यामुळे तेथे प्रयोग करून पाहणे खिशालाही परवडते : पहिली बिअर बिनफोडीची मागावी, फोड वेगळ्या बशीत ठेवायला सांगावी, आणि अर्धा पेला तसाच पिऊन झाल्यावर ती पिळायची गरज वाटते का ते पाहावे. गरज वाटली तर दुसरी बिअर त्या बारमध्ये मागवू नये; मागवायचीच असेल तर साधी लागर मागवावी, तिचा भाव निदान कमी असतो.